कागदपत्रं ऑनलाईन : दुकानात रोज विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात कोर्ट नाक्याजवळच्या एका गल्लीत आमचं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. मी ‘मराठी ३०’ची, म्हणजे मिनिटाला तीस शब्दांच्या टायपिंगची परीक्षा दिली ती खडखड वाजणाऱ्या मशीनवर. चूक झाली की पांढरी शाई लावायची, फुंकर मारायची आणि पुढे जायचं. आता निम्मी कामं गुगल डॉक्सवर आणि उरलेली पीडीएफवर होतात. दुपारी चारनंतर फोन थांबत नाही आणि प्रश्न तेच ते असतात, म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवते आहे.

माझी फाईल तुमच्या कॉम्प्युटरवर आहेच ना? मग मी वेगळी कशाला ठेवू?

आहे, पण किती दिवस राहील ते मी सांगू शकत नाही. २००५ साली २६ जुलैच्या पावसात दुकानात गुडघाभर पाणी शिरलं. सीपीयू तेव्हा टेबलाखाली असायचा. तीन वर्षांचे मसुदे गेले. ज्यांच्याकडे प्रिंट होती त्यांचं पुन्हा टाईप करून दिलं, बाकीच्यांपुढे हात जोडले. आता सीपीयू भिंतीवरच्या फळीवर असतो, पण फळी म्हणजे काही तिजोरी नाही.

त्यामुळे आमच्याकडे टाईप झालेली फाईल तुमच्या स्वतःच्या गुगल ड्राइव्हमध्ये जाते आणि आमच्याकडची प्रत पंधरा दिवसांनी आम्ही पुसतो. मूळ फाईल एक, आणि ती तुमच्या खात्यात. ई-मेल आयडी नसेल तर आधी तो काढू, टायपिंग मग. मुलाचा आयडी द्यायला हरकत नाही, पण तो परदेशी असेल तर ओटीपीसाठी त्याला मध्यरात्री उठवावं लागतं, हे लक्षात ठेवा.

वर्डची फाईल आणि गुगल डॉक यात फरक काय?

वर्डची फाईल म्हणजे झेरॉक्स. तुम्ही ती व्हॉट्सअ‍ॅपवर चौघांना पाठवली की चार फाईली झाल्या आणि प्रत्येकाची दुरुस्ती आपापल्या फाईलमध्ये. गुगल डॉक म्हणजे सोसायटीच्या जिन्यातला फळा. फळा एकच, ज्याला परवानगी त्याने येऊन लिहायचं. सेव्ह करायची गरज नाही, टाईप कराल तसं साठत जातं.

वर्डची फाईल ड्राइव्हवर चढवून तिथेच उघडता येते, दुरुस्तही करता येते. पण टेबल, चौकटी, पानाच्या तळाशी सह्यांसाठी सोडलेल्या जागा थोड्या सरकतात. अंतिम प्रिंट ज्यात काढायची त्यातच शेवटचा हात फिरवा. विकत घ्यायचं नसेल तर मायक्रोसॉफ्टचं ऑनलाईन वर्डही फुकट आहे, सोबत ५ जीबी जागा मिळते. गुगल १५ जीबी देतं, पण त्यात मेल आणि फोटोही धरतात.

तुम्ही लिंक पाठवली, पण उघडत नाही. ‘अ‍ॅक्सेस मागा’ असं येतं.

दिवसातून सहा वेळा तरी हा फोन येतो. कारण असं की शेअर करताना फाईल ‘रिस्ट्रिक्टेड’वर असते, म्हणजे ज्यांचे ई-मेल टाकले त्यांनाच दिसते. आणि तुम्ही फोनवर उघडता ती दुसऱ्याच खात्यातून. फोनमध्ये दोन-तीन खाती असतातच. वर उजवीकडच्या गोलावर बोट ठेवून खातं बदला. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

‘एनीवन विथ द लिंक’ करून टाका, असा सोपा उपाय बरेच जण सुचवतात. लग्नाच्या पाहुण्यांच्या यादीला चालेल. पण भाडेकरारात आधार आणि पॅनचे नंबर असतात, खातं क्रमांक असतो. ती लिंक कोणी ग्रुपवर पुढे ढकलली की ग्रुपमधल्या प्रत्येकाला सगळं दिसलं. असं काही असेल तर ई-मेल टाकूनच शेअर करा आणि देताना तीनपैकी कोणती मुभा देता ते बघा. व्ह्यूअरला फक्त वाचता येतं, कमेंटरला शेरा मारता येतो आणि एडिटर मजकूर बदलू शकतो. काम संपलं की नाव काढून टाका. भाडेकरू खोली सोडून गेल्यावर किल्ली परत घेतो ना आपण?

सोसायटीच्या मिनिट्समधला (सभेच्या इतिवृत्तातला) अख्खा ठराव कोणीतरी उडवला. आता काय?

आधी कोणी उडवला ते बघू नका, आधी परत आणा. फाईल मेन्यूत ‘व्हर्जन हिस्टरी’ आहे, त्यात ‘सी व्हर्जन हिस्टरी’. उजवीकडे तारीख-वेळेची यादी येते. त्यातल्या एकेकावर क्लिक केलं की त्या क्षणी कागद कसा होता ते दिसतं आणि कोणी काय बदललं ते वेगवेगळ्या रंगात. हवी ती आवृत्ती सापडली की वर ‘रिस्टोअर’.

इथे एक घाई लोक हमखास करतात. मंगळवारची आवृत्ती रिस्टोअर केली की बुधवार-गुरुवारी बाकीच्यांनी केलेलं कामही समोरून जातं. एका सेक्रेटरी काकांनी वार्षिक सभेच्या आदल्या रात्री हेच केलं. हरवलेला ठराव आला, पण हिशेबनिसाने टाकलेले आकडे गेले. सुदैवाने रिस्टोअर हीसुद्धा एक नवी आवृत्तीच असते, त्यामुळे पुन्हा मागे जाता येतं. त्यापेक्षा जुनी आवृत्ती उघडा, हवा तो परिच्छेद तिथून कॉपी करा, मागे या आणि आजच्या कागदात चिकटवा.

सभेत कायम झालेल्या मिनिट्सला तिथेच नाव देऊन ठेवा, ‘नेम करंट व्हर्जन’ वापरून. ‘सभेत कायम, २८ सप्टेंबर’ असं काहीतरी. हिस्टरी दिसायला एडिटरची परवानगी लागते, म्हणून सभासदांना व्ह्यूअर ठेवलंत तर समितीतली आधीची खाडाखोड त्यांना दिसत नाही. बऱ्याच समित्यांना हे ऐकून हायसं वाटतं.

जुने सेक्रेटरी फ्लॅट विकून गेले. सगळ्या फाईली त्यांच्या खात्यात आहेत.

त्यांना गोड बोलून शेअरच्या खिडकीतून तुमच्या नावापुढे ‘ट्रान्सफर ओनरशिप’ करायला सांगा. तुम्हाला ते स्वीकारावंही लागतं. ते ऐकत नसतील तर ‘मेक अ कॉपी’ करून घ्या, पण जुनी हिस्टरी कॉपीत येत नाही. मुळात सोसायटीच्या नावाचं वेगळं खातं काढायला हवं होतं. निवडणूक पाच वर्षांनी होते, खातं मात्र माणसाबरोबर जातं.

वकीलसाहेबांनी दुरुस्त्या केल्या आहेत, पण नेमक्या कुठे ते कळत नाही.

त्यांना उजवीकडच्या पेन्सिलीवर क्लिक करून ‘सजेस्टिंग’ निवडायला सांगा. मग खोडलेलं खोडलेलं दिसतं, नवं रंगात येतं आणि तुम्ही एकेक दुरुस्ती मान्य किंवा अमान्य करता. लाल पेनाने केलेल्या प्रूफसारखंच. पीडीएफ करण्याआधी सगळ्या दुरुस्त्या मिटवा. नाहीतर समोरच्या पार्टीला खोडलेली रक्कमही वाचायला मिळेल.

फाईल उघडली तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि कंस दिसतात. व्हायरस आहे का?

नाही हो. ती जुन्या फॉन्टमधली फाईल आहे. शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपीचे जुने फॉन्ट यांच्यात कॉम्प्युटर आतमध्ये इंग्रजी अक्षरंच साठवतो, फॉन्ट त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवतो. तुमच्या फोनमध्ये तो फॉन्ट नाही, म्हणून मुखवटा गळून पडतो आणि मागची भेळ दिसते. युनिकोड या आजच्या सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत तसं नाही. तिथे ‘क’ला जगभर एकच क्रमांक आहे, ०९१५. फॉन्ट कुठलाही लावा, ‘क’ हा ‘क’च राहतो. चौकोन दिसत असतील तर मात्र उलट गोष्ट आहे. मजकूर बरोबर आहे, फक्त त्या मशीनवर देवनागरी फॉन्ट नाही. मुक्ता किंवा नोटो टाकला की काम झालं.

जुन्याचं युनिकोड करून देणारे कन्व्हर्टर ऑनलाईन फुकट मिळतात. मजकूर चिकटवा, बटण दाबा, झालं. खरं काम सुरू होतं त्यानंतर. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी आपण अक्षराच्या आधी टाईप करायचो, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठते. त्यामुळे ‘स्थिती’, ‘अस्तित्व’ अशा जोडाक्षरांत वेलांटी भलतीकडे जाऊन बसते. रफार सरकतो. आणि सगळ्यात छुपी चूक म्हणजे ‘ऱ्य’चा ‘र्य’ होणं. एका केटरिंगच्या करारात ‘आचाऱ्याला ५,००० रुपये आगाऊ’ असं होतं, कन्व्हर्टरने त्याचं ‘आचार्याला’ केलं. गिऱ्हाईक म्हणालं, राहू द्या, त्यालाही बरं वाटेल. हसलो, पण बदललं. कोर्टाच्या कागदात हसून भागत नाही.

माझा अनुभव असा की दहा पानांपर्यंत कन्व्हर्ट करून तपासण्यापेक्षा नव्याने टाईप केलेलं बरं. त्यात आमचा धंदा आहे हे खरं, पण तपासायला लागणारा वेळही खरा आहे.

बोलून टाईप होतं म्हणे. मग तुमच्याकडे कशाला यायचं?

होतं. क्रोममध्ये गुगल डॉक उघडा, टूल्समध्ये ‘व्हॉइस टायपिंग’, भाषा मराठी. चांगलं चालतं. फक्त पूर्णविराम, स्वल्पविराम मराठीत बोलून येत नाहीत, ते हाताने द्यावे लागतात आणि परिच्छेदही आपणच पाडायचे. गोखले रोडच्या हॉर्नमध्ये उभं राहून प्रयत्न करू नका.

एकच नाव पन्नास ठिकाणी बदलायचं आहे. एका झटक्यात होईल का?

कंट्रोल आणि एच दाबा, ‘फाईंड अँड रिप्लेस’. पण ‘रिप्लेस ऑल’ दाबण्याआधी ही गोष्ट वाचा.

१ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. वसई, डहाणू, जव्हार हे सगळे तालुके तिकडे गेले. आमच्याकडे वसईकडच्या कामांसाठी एक जुना नमुना होता, त्यात ‘जिल्हा ठाणे’ असं जागोजागी. दुकानात नव्याने लागलेल्या मुलाने ‘ठाणे’ काढून ‘पालघर’ टाकलं, ऑल. सतरा ठिकाणी बदललं असा निरोप आला, तो खूश. तक्रार अर्जाची प्रिंट निघाली आणि पहिलीच ओळ ‘मा. वरिष्ठ निरीक्षक, पोलीस पालघर’. खाली ‘पोलीस पालघर अंमलदार’ही होते.

उलटी गंमत पण आहे. ‘ठाणे’ शोधलं की ‘ठाण्यात’, ‘ठाण्याचा’, ‘ठाण्याहून’ सापडतच नाहीत, कारण मराठीत प्रत्यय लागला की शब्द आपलं रूप बदलतो. माणसांच्या नावांतही तेच. ‘सोनावणे’ बदललं तरी ‘सोनावण्यांनी’ मागे राहतं. म्हणून आधी निदान ‘जिल्हा ठाणे’ असे पूर्ण शब्द शोधा, एकेक बघत ‘रिप्लेस’ दाबा आणि मग सामान्यरूपं वेगळी शोधा. पन्नास वेळा दाबायला दोन मिनिटं लागतात.

जुन्या छापील कागदाचा फोटो आहे. पुन्हा टाईप न करता मजकूर मिळेल का?

छापील असेल तर बऱ्यापैकी मिळतो. फोटो किंवा पीडीएफ ड्राइव्हवर टाका, राइट क्लिक, ‘ओपन विथ’, गुगल डॉक्स. मराठीसुद्धा ओळखतं. फाईल २ एमबीच्या आतली आणि फोटो सरळ असावा. मोडीतलं किंवा तलाठ्याच्या हस्ताक्षरातलं असेल तर त्याची आशा सोडा. सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, तारखा मूळ कागदाशी बोट ठेवून ताडा. ५ आणि ४, ६ आणि ९ यांच्यात यंत्र गोंधळतं.

पीडीएफमध्ये फक्त एक अक्षर बदलायचं आहे.

पीडीएफ म्हणजे वाळलेलं प्लास्टर. ऑनलाईन एडिटर ते खरवडून वर ठिगळ लावतात, इंग्रजीत ते खपून जातं. मराठीत जोडाक्षरं सुटी पडतात आणि ठिगळ लांबून ओळखू येतं. ज्या डॉकमधून पीडीएफ काढली तिथे जा, दुरुस्त करा, नवी पीडीएफ काढा. म्हणूनच मूळ फाईल जपा म्हणते.

आणि ते अक्षर दाखल्यावरच्या जन्मतारखेतलं असेल, किंवा मार्कशीटवरचं, तर कृपया विचारू नका. महिन्याला दोघे-तिघे विचारतात.

पोर्टल म्हणतं २०० केबीच्या आत, माझी फाईल ६ एमबी आहे.

कॉम्प्रेस करण्याआधी स्कॅन नीट करा. लोक टेबलावर कागद ठेवून फोटो काढतात, त्यात अर्धं टेबल, चहाचा कप आणि पायाचा अंगठा येतो. ड्राइव्हच्या अ‍ॅपमध्ये कॅमेऱ्याचं बटण आहे. ते कडा ओळखून कापतं आणि थेट पीडीएफ करतं. रंगाची गरज नसेल तर काळं-पांढरं करा. १५० डीपीआय (इंचाला दीडशे ठिपके) वाचायला पुरतं. एवढ्यानेच बहुतेक फाईली बसतात. रंगीत शिक्का दिसायला हवा असेल तर तेवढं पान रंगीत ठेवा.

मोफत साइटवर कागद टाकून कॉम्प्रेस करणं सुरक्षित आहे का?

गणपतीच्या वर्गणीची यादी खुशाल टाका. आधार, पासबुक, वैद्यकीय रिपोर्ट नका टाकू. नावाजलेल्या साइट तासा-दोन तासांत फाईल पुसतो म्हणतात, पण शोधून वर आलेली प्रत्येक साइट नावाजलेली नसते. आधार कुठे द्यायचंच असेल तर मास्क्ड आधार डाउनलोड करा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड विचारायला रोज कोणीतरी येतं, म्हणून सांगते : नावाची पहिली चार अक्षरं इंग्रजी कॅपिटलमध्ये आणि लगेच जन्माचं साल, मध्ये जागा न सोडता.

नंबर झाकायला काळी पट्टी लावली, तरी समोरच्याने वाचला. कसा?

तुम्ही अक्षरांवर काळा चौकोन ठेवलात, अक्षरं खाली तशीच होती. त्याने पट्टीसकट मजकूर निवडला, कॉपी केला, दुसरीकडे चिकटवला. नंबर मुळातूनच पुसा, त्या जागी फुल्या टाका, मग पीडीएफ करा. स्कॅन असेल तर काळं करून प्रिंट काढा आणि ती प्रिंट पुन्हा स्कॅन करा. जुनाट पद्धत आहे, पण पक्की.

डिजिटल सही असलेला सातबारा आणलाय. त्यावर पिवळं प्रश्नचिन्ह आहे, म्हणजे खोटा का?

खोटा नाही. तुमच्या मशीनवरच्या पीडीएफ उघडणाऱ्या प्रोग्रॅमने ती सही अजून तपासलेली नाही, एवढंच ते चिन्ह सांगतं. महाभूमीच्या संकेतस्थळावरून १५ रुपये भरून काढलेला उतारा असेल तर त्यावरच्या पडताळणी क्रमांकाने तो तपासताही येतो. पण ती मूळ पीडीएफ जशीच्या तशी ठेवा. तिला दुसऱ्या कागदांबरोबर जोडलं, ‘प्रिंट टू पीडीएफ’ केलं किंवा कॉम्प्रेस केलं की सहीचं नुसतं चित्र उरतं.

डिजिलॉकरचंही असंच. ‘इश्यूड’ भागात सरकारी खात्याकडून थेट आलेला कागद मूळ कागदाइतकाच ग्राह्य असतो. तुम्ही स्वतः फोटो काढून चढवलेला कागद त्याच अ‍ॅपमध्ये असला तरी तो फोटोच.

मृत्युपत्र गुगल डॉकमध्ये लिहून ठेवलं तर चालेल?

मसुदा म्हणून उत्तम, हवं तितक्या वेळा बदला. पण माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधून मृत्युपत्र वगळलेलं आहे, त्यामुळे ई-सही त्याला चालत नाही. कागदावर प्रिंट, तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यातच. आणि असा मसुदा मुलांना एडिटर म्हणून शेअर करू नका. झालंय असं, म्हणून सांगते.

घरी बरोबर दिसतं, तुमच्याकडे प्रिंट काढताना खालच्या ओळी दुसऱ्या पानावर जातात.

बऱ्याच खात्यांत डॉकचं पान ‘लेटर’ मापाचं असतं, आपला कागद ए-४. फाईलमध्ये ‘पेज सेटअप’मध्ये जाऊन ए-४ करा, किंवा तुम्हाला लागत असेल तर लीगल. आणि प्रिंटला नेहमी पीडीएफ पाठवा.

लोकलमध्ये बसून कागद वाचायचा असतो, पण नेट जातं.

वाटेत कुठे ना कुठे सगळ्यांचंच जातं. निघण्याआधी अ‍ॅपमध्ये फाईलच्या तीन टिंबांवर ‘मेक अवेलेबल ऑफलाईन’ करा. दुरुस्तीही करता येते, नेट आलं की वर चढते.

वडील गेले. त्यांच्या खात्यात घराचे सगळे कागद आहेत आणि पासवर्ड कोणालाच माहीत नाही.

हे फार वाईट वाटतं, कारण दुकानात बसून आम्ही काहीच करू शकत नाही. गुगलकडे मृत्यूच्या दाखल्यासह रीतसर विनंती करता येते. त्यात वेळ जातो आणि माहिती मिळेलच असं नाही. तोवर नोंदणी झालेल्या कागदांच्या नकला दुय्यम निबंधकाकडून मागवा, शेअर सर्टिफिकेटसाठी सोसायटीला अर्ज द्या. थांबून मात्र राहू नका. दोन वर्षं न वापरलेलं खातं गुगल पुसून टाकू शकतं.

ज्यांचे आई-वडील आहेत त्यांनी आजच त्यांच्या शेजारी बसून खात्यात ‘इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ लावून द्या. किती महिने खातं वापरलं नाही की कोणाला कळवायचं आणि काय काय द्यायचं ते त्यात आधीच ठरवता येतं. ट्रॅशबद्दलही त्यांना सांगून ठेवा. तिथे टाकलेली फाईल तीस दिवसांनी कायमची जाते. आमच्या एका आजोबांना ट्रॅश म्हणजे माळा वाटायचा.

तुमच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर लॉगिन केलं होतं, आता घरी आलोय. लॉगआऊट केलं का तेच आठवत नाही.

फोनवर गुगल खातं उघडा, ‘सिक्युरिटी’मध्ये ‘युअर डिव्हायसेस’, तिथे आमचा विंडोज कॉम्प्युटर दिसेल. त्यावर ‘साइन आऊट’. पुढच्या वेळी आल्यावर इनकॉग्निटो खिडकी मागा, ती बंद केली की लॉगिन मागे राहत नाही. आम्ही रात्री शटर ओढण्याआधी स्वतःच तपासतो. काल तीन खाती उघडी होती, त्यातलं एक माझ्या नवऱ्याचं.